कर्नल रंगराज आणि कोरियातील भारतीय रुग्णपथक



बेळगावच्या माणसाला पलटण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, त्या गावात सैनिकाच्या पराक्रमाच्या गोष्टी घरोघर ऐकू येतात. त्यांतील एक गोष्ट येथे बसलेल्या बहुतेकांना पाठ असेल. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी शत्रूची तीन मशिनगन ठाणी एकट्याने निकामी केली, बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागे राहिलेल्या सोबत्यांना नदीपार बोलावून घेतले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सारे खरे. परंतु हा त्या हकीगतीचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध असा, की ठाण्यांवर तुटून पडण्यापूर्वी जाधवांनी आपल्या दोन जखमी सोबत्यांना, एकामागून एक, खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी आणले होते. मानपत्रात हा भाग आधी येतो. सांगणाऱ्याच्या तोंडी मात्र तो बहुधा येतच नाही.

हा पूर्वार्ध हेच ज्यांचे संपूर्ण सैनिकी जीवन असते, त्यांच्यापैकी एकाचा परिचय आजच्या व्याख्यानात करून द्यावयाचा आहे. लेफ्टनंट कर्नल अर्काट गोविंदराज रंगराज, महावीर चक्र. ते मराठी नव्हते, बेळगावशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. तरी त्यांच्या वाटेवर मराठी माणसे आणि मराठी पलटणी वारंवार भेटतात, त्यांचा उल्लेख ओघाने येईलच.

प्रथम 'फील्ड ॲम्ब्युलन्स' या शब्दाविषयी. हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे घंटा वाजवीत जाणारी पांढरी गाडी उभी राहते. लष्करात त्याचा अर्थ निराळा आहे. फील्ड ॲम्ब्युलन्स ही माणसांची एक पलटण असते. डॉक्टर, शस्त्रक्रिया करणारे, भूल देणारे, परिचारक, स्वयंपाकी, वाहनचालक आणि सर्वांत मोठ्या संख्येने स्ट्रेचर वाहणारे शिपाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत ब्रिटिश सैन्यात जखमींना वाहून आणणाऱ्या कंपन्या वेगळ्या आणि त्यांच्यावर उपचार करणारी फिरती इस्पितळे वेगळी असत. बोअर युद्धातील अनुभवानंतर ही दोन्ही कामे एका छत्राखाली आणली गेली आणि फील्ड ॲम्ब्युलन्स जन्मास आली. त्याच बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, स्पियाँ कॉपच्या डोंगरावरून जखमी गोऱ्या शिपायांना खांद्यावरून वाहून आणणाऱ्या भारतीयांच्या पथकाचे पुढारी बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी होते. नि:शस्त्र माणसाने रणभूमीवर काय करावे, या प्रश्नाला भारतीयांनी दिलेले ते आधुनिक काळातील पहिले उत्तर म्हटले तरी चालेल.

जखमी सैनिकाचा प्रवास साखळीसारखा असतो. गोळी लागल्यावर त्याच्याच पलटणीचे शिपाई त्याला पलटणीच्या डॉक्टरपर्यंत आणतात. तेथे रक्त थांबवावयाचे, मोडलेले हाड बांधावयाचे, वेदनाशामक टोचावयाचे, एवढेच. तेथून पुढे फील्ड ॲम्ब्युलन्सची हद्द सुरू होते. तिचे शिपाई त्याला पुढच्या मलमपट्टी केंद्रात, तेथून मागच्या मोठ्या केंद्रात आणि मग शस्त्रक्रियेच्या इस्पितळात पोहोचवितात. या साखळीतील प्रत्येक कडी तासांच्या हिशेबावर चालते. पोटात गोळी लागलेला माणूस सहा तासांत सुरीखाली गेला तर त्याची आशा करावी. बारा तास उलटले तर ती फार थोडी उरते. छत्रीधारी सैन्याच्या फील्ड ॲम्ब्युलन्सला तर साखळीच नसते. विमानातून शत्रूच्या पाठीमागे उतरल्यावर मागे पाठवावयास रस्ता कोठला? म्हणून तिला आपले शस्त्रक्रियागृह आपल्याबरोबरच आकाशातून खाली आणावे लागते.

ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीस पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडची उभारणी सुरू झाली. तीत एक पलटण गोऱ्यांची, एक गुरख्यांची आणि एक, १५२ क्रमांकाची, भारतीयांची. या भारतीय पलटणीचे डॉक्टर म्हणून इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील तरुण रंगराज रुजू झाले. पुरेशा छत्र्याही हाताशी नसताना, दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावरून, जुनाट व्हॅलेंशिया विमानांच्या तळाशी पाडलेल्या भोकातून उड्या मारण्याचे शिक्षण सुरू झाले. विमानातून छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय सैनिक दोघे: हवालदार मेजर मथुरासिंग आणि डॉक्टर रंगराज. ज्याचे काम उडी मारून जखमी होणाऱ्यांची हाडे बसविण्याचे, त्याने सर्वांआधी उडी मारावी, यातील विनोद त्या काळच्या शिपायांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नसेल. पण त्यात व्यवहारही होता. डॉक्टरच उडी मारावयास तयार आहे असे दिसल्यावर शिपायाला मागे सरण्यास तोंड उरत नाही.

या ब्रिगेडची कसोटी मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक या नागा खेड्यात लागली. कोहिमा आणि इंफाळकडे निघालेल्या जपानी फौजेला तिने तेथे जवळजवळ आठवडाभर अडवून धरले. त्या लढाईत ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून लढली ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. सांगशाकच्या टेकडीवर पाण्याचा थेंब मिळणे दुरापास्त. खडक असा, की खंदक गुडघाभरही खणता येईना. विमानांनी टाकलेला पुरवठा बव्हंशी जपान्यांच्या हाती पडे. अशा जागी ब्रिगेडच्या फील्ड ॲम्ब्युलन्सला उघड्यावर, तोफगोळ्यांच्या माऱ्यात, जखमींची शुश्रूषा करावी लागली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला तेव्हा ज्यांना चालता येत नव्हते अशा कित्येकांना मागे ठेवूनच बाकीच्यांना जंगलात शिरावे लागले. छत्रीधारी सैन्याच्या वैद्यकीय पथकांच्या मनावर सांगशाकचा हा ओरखडा खोल उमटलेला असणार. जखमी आणि औषधे मागे टाकून निघून जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता १९५०. स्वतंत्र भारताचे प्रजासत्ताक अवघ्या पाच महिन्यांचे असताना, २५ जून रोजी उत्तर कोरियाच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. संयुक्त राष्ट्रसंघाने त्याला आक्रमण म्हटले, भारतानेही त्यास संमती दिली. परंतु लढाऊ फौज पाठविण्यास पंडित नेहरूंनी नकार दिला. दिल्लीचे धोरण अवघड दोरीवरचे होते. आक्रमणाला आक्रमण म्हणावयाचे, पण नव्या चीनशी वैर करावयाचे नाही. ऑक्टोबरच्या आरंभी पेकिंगमध्ये मध्यरात्री चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून घेतले आणि अमेरिकन सैन्य अडतिसावे अक्षवृत्त ओलांडील तर चीन स्वस्थ बसणार नाही, असे बजावले. भारताने तो इशारा जगापुढे ठेवला. तो कोणी मनावर घेतला नाही.

या दोरीवरच्या कसरतीतून जो तोडगा निघाला, तो म्हणजे साठावी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. बंदूक चालविणारे कोणी जाणार नाही. जखम बांधणारे जातील. सुमारे साडेतीनशे माणसांचे हे पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हुकमतीखाली २० नोव्हेंबर १९५० रोजी पुसान बंदरात उतरले. जगाच्या राजकारणात ही गोष्ट लहानशी ठरली आणि पुष्कळांनी तिची थट्टाही केली असेल. दुसऱ्यांनी सैनिक द्यावेत आणि भारताने मलमपट्टी द्यावी! ही थट्टा कोरियात फार दिवस टिकली नाही.

त्या वेळी युद्ध संपल्यातच जमा आहे असा समज होता. उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग संयुक्त राष्ट्रांच्या हाती आली होती, नाताळापर्यंत घरी जाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. रंगराजांचे पथक प्योंगयांगकडे निघाले. ते तेथे पोहोचते न पोहोचते तोच चिनी फौजांचा लोंढा यालू नदीकडून खाली आला. सारे सैन्य पाठ फिरवून दक्षिणेकडे धावू लागले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्योंगयांग रिकामे करण्याचे ठरले. भारतीय पथकापाशी एवढे सामान वाहून नेण्यास स्वत:ची वाहने नव्हती आणि त्या धावपळीत उसनी मिळण्याची आशाही नव्हती. वरून आलेली सूचना सरळ होती: सामान जाळून टाका आणि माणसे घेऊन निघा.

सैनिकी दृष्ट्या या सूचनेत चूक काहीच नव्हती. शत्रूच्या हाती साठा पडू नये म्हणून त्या दिवसांत प्योंगयांगमध्ये कपडालत्ता, अन्नधान्य, दारूगोळा यांचे डोंगर पेटविले जात होते. पण रंगराजांचा हिशेब निराळा होता. भारतातून सहा महिने पुरेल इतका औषधांचा व उपकरणांचा साठा समुद्रमार्गे आणलेला. तो गेला तर त्याची भरपाई केव्हा आणि कोठून होणार? शस्त्रक्रियेची हत्यारे, निर्जंतुक करण्याची भांडी, भूल देण्याची यंत्रे, स्ट्रेचर, पट्ट्या गेल्या की फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणून काही उरत नाही. उरतात ती केवळ साडेतीनशे माणसे, आणि तीही दुसऱ्यांच्या शिध्यावर जगणारी. त्यांनी सामान जाळण्यास नकार दिला.

प्योंगयांगच्या रेल्वे यार्डात कोळशावर चालणारे एक सोडून दिलेले इंजिन आणि काही वाघिणी उभ्या होत्या. पथकातील शिपायांत इंजिन हाकण्याचे काम ठाऊक असणारे निघाले. आपल्याकडे कोणत्याही पलटणीत असे दोघेतिघे निघतातच. सैन्यात येण्यापूर्वी माणसे कोठे कोठे पोट भरून आलेली असतात. बॉयलरमध्ये पाणी नव्हते. तेव्हा शिपायांची रांग लावून, हातोहात बादल्या पुढे सरकवीत, ते भरण्यात आले. बाहेर हाडे गोठविणारी थंडी, दूरवर तोफांचा आवाज, आणि पंजाबपासून मद्रासपर्यंतच्या भाषा बोलणारी माणसे एका परक्या देशातील परक्या इंजिनात बादलीबादलीने पाणी ओतीत आहेत. विस्तव पेटला, वाफ धरली, वाघिणीत पेट्या चढल्या. जागा उरली तेथे माणसे बसली. मग ही आगगाडी दक्षिणेस निघाली आणि अमेरिकन इंजिनियरांनी तेदोंग नदीवरील पूल उडवून देण्याच्या थोडाच वेळ आधी पलीकडे गेली. सांगणाऱ्यागणिक या हकीगतीचे तपशील थोडेफार बदलतात, गाभा बदलत नाही. पथक सोलला पोहोचले तेव्हा त्याची पेटी न् पेटी त्याच्यापाशी होती.

सैन्यात हुकूम मोडणे ही कौतुकाची गोष्ट नव्हे. गाडी पुलावर अडकली असती, किंवा पूल आधीच उडाला असता, तर साडेतीनशे भारतीय चिन्यांच्या कैदेत पडले असते आणि रंगराजांचे नाव आज निराळ्या कारणाने घेतले गेले असते. दिल्लीला त्याचे उत्तर देणे किती जड गेले असते, याची कल्पनाच करावी. निर्णयाचे मोल यशावरून ठरवू नये असे म्हणतात. तरी एवढे म्हणावेच लागते, की आपण कशासाठी आलो आहोत हे त्या अधिकाऱ्याला त्या गोंधळातही नेमके ठाऊक होते.

१४ डिसेंबर रोजी पथक सत्ताविसाव्या राष्ट्रकुल ब्रिगेडला जोडले गेले. तीत ब्रिटनच्या मिडलसेक्स आणि आर्गाइल पलटणी, ऑस्ट्रेलियाची तिसरी पलटण आणि पुढे न्यूझीलंडचा तोफखाना व कॅनडाची पलटण. या ब्रिगेडपाशी स्वत:ची फील्ड ॲम्ब्युलन्स नव्हती, म्हणून भारतीयांचे आगमन तिला देवासारखे वाटले. पथकाचे दोन भाग झाले. एक रंगराजांबरोबर आघाडीवर, दुसरा मेजर बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली दक्षिणेस तेगू शहरात. तेगूचा भाग कमी नाट्यमय, पण त्याचे काम फार मोठे. निर्वासितांनी फुगलेल्या त्या शहरात त्यांनी कोरियन जखमी सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांनाही तपासले, स्थानिक परिचारक-परिचारिका तयार केल्या. कोरियातील वृद्ध लोकांच्या मनात भारतीयांची आठवण राहिली ती मुख्यत्वे या कामामुळे.

आघाडीवरची गोष्ट वेगळी. कोरियाचा हिवाळा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतो. रक्तद्रवाच्या बाटल्या गोठतात; वेदनाशामकाच्या नळ्या वापरण्यापूर्वी काखेत किंवा तोंडात धरून ऊब द्यावी लागते. जखमीचे रक्त थंडीने आपोआप थांबते आणि तंबूतल्या शेगडीपाशी आणल्यावर पुन्हा वाहू लागते, म्हणून तंबूत आणल्यावरच खरी घाई. दक्षिणेकडील उष्ण प्रांतांतून गेलेल्या माणसांना हे सर्व नवे होते. त्यात कोरियाचा मुलूख डोंगराळ. लढाई नेहमी माथ्यावरची, रस्ता नेहमी पायथ्याचा. एक जखमी खाली आणावयास चार माणसे आणि कधी अर्धा दिवस. हेलिकॉप्टरने जखमी हलविण्याचे तंत्र याच युद्धात रुळले, परंतु ती यंत्रे थोडी आणि जखमी फार. बहुतेकांचा प्रवास खांद्यावरूनच झाला, कोरियन हमालांच्या आणि भारतीय शिपायांच्या.

येथे एका मराठी डॉक्टरची आठवण होणे अपरिहार्य आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आठव्या मार्ग-सेनेच्या जखमींची सेवा करीत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने ही कथा घराघरांत नेली. ज्या सेनेच्या जखमींसाठी कोटणिसांनी प्राण वेचले, तिचीच वारसदार फौज आठ वर्षांनी कोरियाच्या डोंगरांत समोरच्या बाजूस उभी होती आणि भारतीय डॉक्टर या बाजूस. हा विरोधाभास टोकदार आहे. पण तंबूच्या आत तो बोथट होतो. जखमी चिनी कैदी आणला गेला म्हणजे रुग्णपथकाच्या नियमाप्रमाणे त्याचा क्रमांक त्याच्या जखमेवरून ठरतो, गणवेशावरून नव्हे. कोटणीस आणि रंगराज यांची राजकीय जात वेगळी होती. एकाने बाजू निवडली होती, दुसऱ्याला ती सरकारने नेमून दिली होती. शस्त्रक्रियेच्या मेजापाशी दोघांचे काम एकच होते.

२३ मार्च १९५१. सोलच्या उत्तरेस मुनसान-नी येथे शत्रूची माघार तोडण्यासाठी अमेरिकेच्या १८७व्या छत्रीधारी पथकाचे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक तेगूहून विमानांतून निघाले. त्यांच्याबरोबर बारा भारतीय होते: रंगराज आणि त्यांच्या पथकातील निवडक डॉक्टर व परिचारक. भारतीय छत्रीधारी वैद्यकीय सैनिकांची परदेशातील युद्धात घेतलेली ही उडी. खाली उतरल्यावर गोंधळ होताच. एक अमेरिकन पलटण भलत्याच मैदानावर उतरली. शत्रूचा मुख्य भाग आधीच निसटला होता, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या रुग्णांत गोळी लागलेल्यांबरोबरच पाय मुरगळलेले, हाड मोडलेले फार. रंगराजांना हा रोग नवा नव्हता. दिल्लीच्या मैदानावर दहा वर्षांपूर्वी त्यांनी हीच हाडे बसविली होती. खरी लढाई पुढल्या दिवसांत, पूर्वेकडच्या टेकड्यांत, पावसात आणि चिखलात झाली. रस्ते बुडाल्याने रणगाडे मागे राहिले. भारतीयांचे शस्त्रक्रियागृह मात्र पुढे होते. अमेरिकन सैनिकांच्या मनात या लाल-किरमिजी टोप्यांबद्दल जो आदर निर्माण झाला, त्याचे मूळ या चारपाच दिवसांत आहे.

महिन्याभरात कापयोंग. २२ एप्रिलच्या रात्री चिन्यांचा वसंत ऋतूतील मोठा हल्ला सुरू झाला आणि दक्षिण कोरियाची एक संपूर्ण डिव्हिजन फुटून मागे आली. विश्रांतीसाठी मागे काढलेली राष्ट्रकुल ब्रिगेड त्या भगदाडात उभी करण्यात आली. ऑस्ट्रेलियन एका टेकडीवर, कॅनेडियन समोरच्या दुसरीवर. दोन रात्री व दोन दिवस ही दोन पलटणी कित्येक पट मोठ्या सैन्यापुढे टिकल्या. ऑस्ट्रेलियाचे ३२ आणि कॅनडाचे १० सैनिक पडले. जखमी त्याहून अधिक. ते सारे खाली, दरीच्या रस्त्याने, भारतीय मलमपट्टी केंद्राकडे आले. कापयोंगचे नाव ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात मोठ्या अभिमानाने घेतले जाते. त्या लढाईतील भारतीय वाटा आपल्याकडे मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. दिल्लीला या मदतीचा फार गाजावाजा नको होता. नंतर १९६२ आले, आणि चिन्यांशी झालेल्या आधीच्या साऱ्या गाठीभेटी झाकोळून गेल्या.

जुलै १९५१ मध्ये राष्ट्रकुल डिव्हिजन उभी राहिल्यावर भारतीय पथक तीत सामील झाले आणि ऑक्टोबरातील मार्यांग-सानच्या टेकड्यांवरील लढायांतही त्याने जखमी वाहिले. नंतरचे युद्ध खंदकांतील कंटाळवाणे, रोज थोडी माणसे मारणारे. त्याचा तपशील येथे देत बसण्याचे प्रयोजन नाही.

२७ जुलै १९५३ रोजी तह झाला आणि आता मराठी वाचकाला ओळखीचे एक नाव कोरियाच्या भूमीवर येते. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा घेण्यासाठी भारताने जी फौज पाठविली, तिचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या शेजारच्या कोल्हापूरकडचे. त्या फौजेत पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण होती. मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके रुष्ट, की त्यांनी भारतीय सैनिकाचा पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही अशी प्रतिज्ञा केली. तेव्हा इंचॉन बंदरातील जहाजांवरून हजारो भारतीयांना हेलिकॉप्टरांनी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांच्या छावणीला 'हिंदनगर' असे नाव पडले. साठावी फील्ड ॲम्ब्युलन्स तेथे जनरल थोरातांच्या फौजेला येऊन मिळाली. जो देश भारतीयांना पाय ठेवू देईना, त्याच देशात हे रुग्णपथक आधीच जवळजवळ तीन वर्षे वावरत होते आणि त्याला कोणी जा म्हटले नव्हते!

कैद्यांच्या छावण्यांतील काम लढाईहून सोपे नव्हते. सप्टेंबरात चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवले, तेव्हा जनरल थोरात स्वत: त्या जमावात गेले आणि गोळी न झाडता त्यांना सोडवून आणले. जखम होऊ न देणे हाही रुग्णसेवेचाच एक प्रकार मानला, तर त्या दिवशी सेनापतीने तिच्यात भर घातली असे म्हणता येईल.

फेब्रुवारी १९५४ मध्ये पथक मायदेशी परतले. सव्वातीन वर्षे ते कोरियात होते. रंगराजांना महावीर चक्र मिळाले, पथकातील इतर काहींना वीर चक्रे मिळाली आणि १९५५ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी संपूर्ण पथकाचा सन्मान केला. महावीर चक्र हे शत्रूसमोरच्या शौर्यासाठी दिले जाणारे दुसऱ्या क्रमांकाचे पदक आहे. ज्याने शत्रूवर एकही गोळी झाडली नाही अशा माणसाला ते मिळाले, ही गोष्ट पदकाची व्याख्या रुंदावणारी आहे. नामदेव जाधवांच्या हकीगतीतील पूर्वार्धाला जणू वेगळे पदक मिळाले.

कर्नल रंगराजांच्या आयुष्याचा उत्तरभाग सैनिकी इतिहासात सहसा सापडत नाही. लष्कर सोडल्यावर ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि देवीच्या रोगाच्या निर्मूलनाच्या मोहिमेत अफगाणिस्तानात सल्लागार म्हणून राहिले. आपल्याकडे देवी काढणे हा शब्द लस टोचण्यासाठी रूढ आहे. अफगाणिस्तानच्या खेड्यांत मात्र वंशपरंपरेने 'देवी काढणारे' होते ते खऱ्या देवीच्या फोडांच्या खपल्या माणसाच्या त्वचेत टोचीत, आणि त्यातून कधी कधी साऱ्या गावाला रोग लागे. अशा माणसांना शोधून काढून त्यांच्याजवळचा खपल्यांचा साठा मिळवावयाचा. पडद्यातील स्त्रियांपर्यंत लस पोहोचवावयाची. हिवाळ्यात बर्फाने बंद होणाऱ्या खोऱ्यांत पायी किंवा घोड्यावरून जाऊन प्रत्येक घर पुन्हा तपासावयाचे. उंटांचे कळप घेऊन सीमेपलीकडे जाणाऱ्या भटक्या टोळ्यांना वाटेत गाठावयाचे, असे ते काम होते. कोरियाची थंडी आणि डोंगर पाहिलेल्या माणसाला त्यात काही अपरिचित वाटले नसावे. १९७२ च्या अखेरीस अफगाणिस्तानातील स्थानिक देवीची साथ थांबली, आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात जगातील नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण नोंदविला गेला.